घर गाठेपर्यंत
(शताब्दी मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात कालपासून आपण येण्याविषयी पुष्कळ ऐकलं. कोण कधी आलं, खिशात किती पौंड होते, पहिल्या हिवाळ्यात काय हाल झाले, हे सगळं ऐकताना डोळे ओले झाले आणि हसूही आलं. आम्हाला मात्र संयोजकांनी उलट दिशेचा विषय दिला आहे. इथून घरी जाताना, किंवा घरून इथल्या घरी परत येताना, वाटेत जे खोळंबे होतात त्यांच्याविषयी बोला, असं त्यांचं म्हणणं.

आम्हालाच का, तर गेली बरीच वर्षं आम्ही चार-पाच जण संस्थेचा तो फोन सांभाळतो. रात्री दोनला वाजणारा. 'काका, विमान रद्द झालंय, आई दिल्लीला एकटी अडकलीय,' असं सांगणारा. आम्ही कोणी प्रवासी कंपनीचे लोक नाही. एक जण निवृत्त शिक्षक, एक फार्मासिस्ट, दोघी गृहिणी आणि एक बसचालक. पण फोन घेता घेता काही गोष्टी कळत गेल्या. त्याच आज सांगतो.

सुरुवात जुन्या काळापासून करू, कारण शताब्दी आहे.

शंभर वर्षांपूर्वी इथून मुंबईला जायचं म्हणजे टिलबरीच्या धक्क्यावरून बोट. सुएझ कालव्यातून जाऊन बॅलार्ड पिअरला उतरायला साधारण तीन आठवडे लागत. ज्यांना परवडे ते रेल्वेने फ्रान्स ओलांडून मार्सेलिसला बोट धरत आणि काही दिवस वाचवत. ट्रंकांवर चिठ्ठ्या लावल्या जात: एक 'केबिन'ची आणि दुसरी 'प्रवासात लागणार नाही' अशा अर्थाची. ही दुसरी चिठ्ठी लावलेली ट्रंक तळघरात जाई आणि मुंबईलाच दिसे. काय लागेल आणि काय लागणार नाही, हा निर्णय माणसाला घर सोडतानाच करावा लागे. तो निर्णय आजही करावा लागतो, पुढे त्याविषयी बोलणारच आहोत.

सामान हरवण्याच्या गोष्टींत सर्वांत मोठी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. ते स्वतः मार्सेलिसहून एका बोटीने निघाले आणि त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने. ते सुखरूप मुंबईला पोहोचले. पुस्तकांची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा काढून जमवलेला तो संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. तरी १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. किंग हेन्रीज रोडवरचं ते घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. पुढच्या वेळी बॅग पट्ट्यावर आली नाही म्हणून जीव कासावीस झाला, तर ही गोष्ट आठवावी. बॅग सापडणार नाही त्याने, पण श्वास जागेवर येतो.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं, कैरो, जिनिव्हा करत लंडनला आलं आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. पण सर्वसाधारण माणूस त्यानंतरही बरीच वर्षं बोटीनेच गेला. विमानाचं भाडं परवडत नव्हतं. त्यात १९६७ च्या जूनमध्ये युद्धामुळे सुएझ कालवा बंद झाला, तो थेट १९७५ च्या जूनमध्ये उघडला. आठ वर्षं बोटींना सबंध आफ्रिकेला वळसा घालावा लागला. आपल्या ज्येष्ठांपैकी काहींना तो वळसा आठवत असेल. त्या काळी घरून तार येई, आणि तार म्हटलं की हात थरथरे. तार वाचून निघालेला माणूस पोहोचेपर्यंत तिकडे तेरावाही होऊन गेलेला असे. पण त्या पिढीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: आपण वेळेवर पोहोचणार नाही. म्हणून ते निघतानाच निरोप घेऊन ठेवत.

आपल्याला विमानाने एक नवी सवय लावली. नऊ-दहा तासांत मुंबई. संध्याकाळी बसलं की सकाळच्या चहाला पोहोचलं. या सवयीमुळे आपण घरच्यांना शब्द देऊ लागलो: 'काही झालं तर मी उद्या तिथे असेन.' हा शब्द बहुतेक वेळा पाळता येतो. पण नेहमी नाही.

आठवून पाहा. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, मुंबईचा विमानतळ बंद. एप्रिल २०१०. आइसलँडमध्ये ज्वालामुखी उसळला, त्याची राख वाऱ्याने इकडे आली आणि जवळजवळ सहा दिवस या देशाचं आकाश बंद राहिलं. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्यापर्यंत, आणि विमानं लांबच्या वाटेने जाऊ लागली. २१ मार्च २०२५ ला हेझच्या वीज उपकेंद्राला आग लागली आणि हीथ्रो जवळजवळ दिवसभर बंद. यांतल्या एकाही गोष्टीवर आपला किंवा काउंटरवरच्या त्या बिचाऱ्या मुलीचा काडीचा ताबा नव्हता.

आणि २०२०. मार्चमध्ये भारताने नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. ती पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या काळात विशेष विमानं होती, ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' होतं. पण सुरुवातीला ओसीआय कार्ड असलेल्यांनाही जाता येत नव्हतं. ज्या कार्डाला आपण 'आयुष्यभराचा व्हिसा' म्हणत होतो, त्याची सवलत १३ मार्चला स्थगित झाली होती. २२ मे रोजी, घरात मृत्यूसारखी निकड असेल अशांसाठी दार थोडं उघडलं. त्या दहा आठवड्यांत आम्हाला आलेले फोन आम्ही विसरणार नाही. आपल्या सभागृहात बसलेल्या काही जणांनी वडिलांना, आईला फोनच्या पडद्यावर निरोप दिला. त्यांची नावं घेत नाही. ते आहेत इथे.

आता कामाचं बोलू. फोन घेताना जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिलं, तिकीट. शक्यतो सबंध प्रवास एकाच बुकिंगवर असू द्या. स्वस्त मिळालं म्हणून इथून आखातापर्यंत एक तिकीट आणि पुढे मुंबईचं वेगळं, असं केलं आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी म्हणते, 'तुम्ही आलाच नाहीत.' एकाच बुकिंगवर असाल तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांच्या माथी येतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जात असाल तर धुक्यासाठी हाताशी वेळ ठेवा. दोन तासांची जोडणी कागदावर छान दिसते.

दुसरं, हक्क. या देशातून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान, किंवा इथल्या अथवा युरोपीय कंपनीचं इकडे येणारं विमान असेल, तर इथला कायदा लागू होतो. मुंबईसारख्या लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर होत असेल तर जेवणखाण, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, हे कंपनीने द्यायचं. कंपनीच्या दोषामुळे तुम्ही चार तासांहून उशिरा पोहोचलात तर माणशी ५२० पौंड भरपाई मिळू शकते. तीन ते चार तासांच्या उशिराला ती निम्मी होऊ शकते. वादळ, राख, बंद आकाश अशी कारणं असतील तर रोख भरपाई नाही, पण जेवण आणि मुक्काम तरीही द्यावाच लागतो. त्या राखेच्या प्रकरणातच युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं. तेव्हा काउंटरवर भांडू नका, नियमाचं नाव घेऊन शांतपणे विचारा. आणि पावत्या जपा. चहाची सुद्धा.

तिसरं, सामान. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या खिडकीवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. घरी जाऊन फोन करू, असं म्हणू नका. बॅग मोडली असेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. एकवीस दिवस आलीच नाही तर ती हरवली असं धरलं जातं. बंद करण्यापूर्वी बॅगेचा आतून-बाहेरून फोटो काढा. 'काळी, मध्यम आकाराची' हे वर्णन त्या पट्ट्यावरच्या निम्म्या बॅगांना लागू पडतं.

इथे ती ट्रंकेची चिठ्ठी आठवा. औषधं, चष्मा, इन्शुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट, ओसीआय, एक जोडी कपडे आणि चार्जर हातातल्या पिशवीत. दोन दिवसांचा प्रवास चार दिवसांचा झाला तरी पुरतील इतक्या गोळ्या. पॉवर बँक हातातच लागते, खालच्या सामानात चालत नाही.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, कोरडी चटणी, लाडू आणि चिवडा यांना अजून तरी कोणी हरवलेलं नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर खाणं जवळ ठेवलंच पाहिजे. धावपट्टीवर चार तास बसवून ठेवलं तर ट्रॉली येईलच असं नाही. मात्र लोणचं आणि तूप सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थांत धरतात, हे दर वर्षी नव्याने कोणाला तरी कळतं. सुक्या खोबऱ्यालाही विमानात मनाई असते, कारण त्यातलं तेल पेट घेऊ शकतं. आणि परत येताना पेढे, खवा, तूप यांना इथल्या नियमांनुसार प्रवेश नाही. दुधाचे पदार्थ भारतातून आणता येत नाहीत. आजीने दिलेला डबा विमानतळावर टाकून देताना रडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यापेक्षा आजीला आधीच सांगा, 'शेंगदाण्याचे लाडू दे.'

चौथं, आपले आईवडील. ते एकटे येतात-जातात तेव्हा चाकाच्या खुर्चीची मदत आधीच मागून ठेवा. चालता येत असेल तरी मागा. खुर्ची पायांसाठी नसते, सोबतीसाठी असते. आणि एक कागद त्यांच्या गळ्यातल्या पाकिटात द्या. आम्ही त्याला प्रवासाचा कागद म्हणतो. एका बाजूला मोठ्या अक्षरांत इंग्रजीत: नाव, विमानांचे क्रमांक, या व्यक्तीला मराठी आणि हिंदी येतं, हे आजार आहेत, ही औषधं चालू आहेत, दोन्हीकडच्या माणसांचे फोन. दुसऱ्या बाजूला मराठीत आईसाठी: 'विमान उशिरा असेल तर घाबरू नकोस. जिथे बसवलंय तिथेच बस. हा कागद गणवेशातल्या माणसाला दाखव. फोनची बॅटरी संपली तरी आम्हाला कळेल.' हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे.

पाचवं, शेवटचा टप्पा. मुंबईला उतरलं म्हणजे पोहोचलो असं आपण समजतो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गणपतीच्या आधी मुंबई-गोवा रस्त्यावर गाड्यांची रांग असते. जागरण झालेल्या माणसाने स्वतः गाडी चालवत निघू नये. तुम्हाला आणायला जो रात्रभर जागून आला आहे, त्यानेही लगेच परत निघू नये. दोन तास झोपा, मग निघा.

आता जे बोलायला अवघड आहे ते.

आम्हाला येणाऱ्या फोनपैकी सर्वांत कठीण फोन एकाच प्रकारचे असतात. तिकडे कोणी गेलं आहे, इकडून कोणी निघालं आहे, आणि मध्येच विमान अडकलं आहे. आपल्याकडे अंत्यविधी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी होतो. म्हणजे प्रत्येक तासाला तिकडून एकच प्रश्न येतो: थांबायचं की नाही?

अडकलेल्या माणसाला वाटतं, थांबावं. स्वाभाविक आहे. पण थांबणं म्हणजे काय, ते इथून दिसत नाही. एका गावात इथल्या मुलासाठी पुरे तीस तास थांबले. जवळ शवागार नव्हतं, बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या. विधी होईपर्यंत घरात चूल पेटत नाही. घरात पंचवीस-तीस माणसं, त्यांत म्हातारी आणि लहान मुलं; शेजाऱ्यांनी आणलेल्या चहा-बिस्किटांवर बसलेली. मुलगा पोहोचला, त्याने पाणी दिलं, सगळं नीट झालं. पुढे तो आम्हाला म्हणाला, 'मला कोणी काही बोललं नाही. पण मावशी भिंतीला टेकून झोपली होती, ते पाहून मला बोलवेना.' त्याने थांबायला सांगितलं हे चूक होतं असं आम्ही म्हणत नाही. घरच्यांनी आनंदाने केलं. पण किंमत कोणी मोजली तेही कळायला हवं.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. मँचेस्टरहून एक ताई निघाली होती. वडील सोमवारी रात्री गेले. विमान वेळेवर गेलं असतं तर बुधवारी दुपारी ती घरी असती आणि तोवर थांबायचं ठरलंही होतं. आखातात दुसरं विमान तांत्रिक बिघाडामुळे चौदा तास सुटलं नाही. भावाचा फोन आला, 'ताई, काय करू गं?' ती दोन मिनिटं बोललीच नाही. मग म्हणाली, 'थांबू नकोस रे. तात्यांनी सांगून ठेवलंय.' आदल्या सुट्टीत वडिलांनीच विषय काढला होता. म्हणाले होते, 'माझ्यासाठी कोणाला ताटकळत ठेवायचं नाही. तू रक्षाविसर्जनाला आलीस तरी मला पुरे.' त्या वेळी ती चिडली होती, 'काय अभद्र बोलता तात्या!' विमानतळावरच्या त्या खुर्चीवर तेच बोलणं तिच्या कामी आलं. सकाळी विधी झाला, तो तिने फोनवर पाहिला. गुरुवारी पहाटे ती घरी पोहोचली आणि रक्षाविसर्जनाला सगळ्यांत पुढे होती. ती सांगते, दुःख व्हायचं ते झालंच, पण भावावर निर्णयाचं ओझं पडलं नाही आणि तिच्यावर अपराधाचं.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. हे बोलणं आधी करून ठेवा. पुढच्या सुट्टीत, जेवणं झाल्यावर, पाय पसरून बसलेले असताना, आईला-बाबांना विचारा. जमत नसेल तर भावंडांत तरी ठरवा: किती वेळ थांबायचं, कोणी अग्नी द्यायचा, मुलगी जवळ असेल तर तिने द्यायला कोणाची हरकत आहे का, फोनवर दाखवायचं का. आणि जो तिथे आहे, ज्याने दवाखान्याच्या रात्री काढल्या आहेत, त्याच्या शब्दाला मान द्या. दहा तास उशिरा पोहोचलेल्या माणसाने आल्या आल्या 'असं का केलंत?' विचारू नये.

याला जोडून दोन व्यवहाराच्या गोष्टी. निकडीच्या वेळी विमान कंपनीला कारण स्पष्ट सांगा. आपल्या माणसांना 'वडील गेले' हे परक्यासमोर म्हणायला जड जातं, ते नुसतंच 'अर्जंट आहे' म्हणतात. अर्जंट सगळ्यांनाच असतं. खरं कारण कळलं तर कधीकधी रांगेतून पुढे घेतात, दुसऱ्या विमानात जागा शोधतात. प्रत्येक वेळी होईलच असं नाही, पण सांगितल्याशिवाय मुळीच होत नाही. आणि पासपोर्ट, ओसीआय आज घरी गेल्यावर काढून पाहा. मुलांचेही पाहा. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे पण ओसीआय नाही, त्यांना व्हिसा लागतोच. तातडीचा व्हिसा मिळतो, पण तो मिळवण्यात पहिला दिवस जातो.

बोलणं लांबलं. वाटेतला खोळंबा हा विषयच असा आहे की बोलणाराही वेळेवर पोहोचत नाही.

एक शेवटचं. पूर्वी बोटीवर तीन आठवडे एकत्र काढलेली माणसं आयुष्यभराची सोबती होत. बोटीवरच्या ओळखीतून सोयरिकी जुळल्याच्या गोष्टी आपल्या ज्येष्ठांकडून ऐकल्या आहेत. विमानात शेजारच्याचं नावही कळत नाही. पण विमान रद्द झालं की एकदम कोणीतरी विचारतं, 'तुम्ही मराठी का?' मग पिशवीतून चिवडा निघतो, चार्जर फिरतो, कोणाच्या तरी आईला कोणीतरी हात धरून नेतं. असा कोणी दिसला तर पुढे व्हा. आम्ही फोनवर जे करतो त्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे, कारण तुम्ही तिथे असता.

बाहेर टेबलावर प्रवासाच्या कागदाचे नमुने ठेवले आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. जेवायला जाताना घरटी दोन घेऊन जा: एक तुमच्यासाठी, एक आईसाठी. फोन सांभाळायला रात्रीच्या पाळीला दोन माणसं कमी आहेत. तरुण मंडळींपैकी कोणी तयार असेल तर तिथेच वहीत नाव लिहा.